बॅकस्टॉपची कॅप

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. हे क्रिकेट नाही. आणि टीव्हीवर अमेरिकन लोक च्युइंगगम चघळत खेळतात तेही नाही. आमच्या कार्डिफमध्ये तिसराच एक बेसबॉल आहे. पुण्याच्या माझ्या काकांना मी हे पत्रातून किती वेळा समजावलं असेल त्याला गणती नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत सगळ्या आळीला "आमचे जावई विलायतेत क्रिकेट खेळतात" असंच सांगितलं. बर्मिंगहॅमच्या मंडळातले डॉक्टर चंद्रशेखर तर दर गणपतीला यांना विचारायचे, "मग, अमेरिकेला कधी निघालात?" आणि स्वतःच हसायचे. हे आपले पुढचा मोदक उचलायचे.

तर हा खेळ असा. एका बाजूला अकरा जण. चेंडू टाकायचा तो हात खालून फिरवून, पण असला जोरात की मी पहिल्यांदा बघितला तेव्हा डोळेच मिटून घेतले. बॅट एका अंगाने सपाट. मैदानात चार खांब. चेंडू मारून पळायचं आणि जितके खांब गाठाल तितक्या धावा. गोदीतल्या आणि स्टीलच्या कारखान्यातल्या लोकांचा हा खेळ. कार्डिफ, शेजारचं न्यूपोर्ट आणि तिकडे लिव्हरपूल, एवढ्यातच खेळतात. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी कामावरून सुटायचं, सँडविच तोंडात कोंबायचं आणि कौन्सिलच्या पार्कात उतरायचं. पैसे मिळत नाहीत. मिळते ती फक्त एक गोष्ट. वर्षातून एकदाच वेल्स विरुद्ध इंग्लंड मॅच होते, आणि त्यात वेल्सकडून जो मैदानात उतरतो त्याला लाल कॅप देतात, वर त्या वर्षाचं भरतकाम केलेली. वर्षाला एक मॅच, अकरा जागा. आमच्या घरात चौदा उन्हाळे जे काही रामायण झालं ते त्या एका कॅपपायी.

'यांचं' म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव हरीश. लिहायला मला कधीच अडचण नव्हती. अडचण होती ती तोंडाने घ्यायची, आणि ती गोष्ट पुढे येईलच.

हे सात वर्षांचे असताना, एकसष्ट साली, आईवडिलांबरोबर बोटीने इथे आले. मामंजी, म्हणजे डॉक्टर शशिधर, इथल्या हॉस्पिटलात लागले. घर मिळालं ते गोदीच्या बाजूला, स्प्लॉटमध्ये, आणि तिथल्या शाळेत मुलांच्या हातात पाटीपेन्सिलीच्या आधी बॅट येते. मामंजींची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावं अशी. मुलगा एक्स-रे विभागात रेडिओग्राफर झाला आणि उरलेला जीव त्याने बेसबॉलला दिला. मामंजी अठ्ठ्याहत्तर साली गेले. मी लग्न होऊन आले एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये, गणितात एम.एस्सी., अंगावर दोन स्वेटर. उन्हाळा लागला तसा पहिल्याच बुधवारी नवरा संध्याकाळी गायब झाला आणि चिखलाने माखून परत आला. मला वाटलं, अपघात झाला.

यांची जागा बॅकस्टॉपची. क्रिकेटमधला विकेटकीपर असतो ना, तसा बॅट्समनच्या मागे उभा राहणारा. हातमोजे असतात, पण नावाला. यांच्या डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्याची दोन कधी ना कधी मोडलेली आहेत. मोडलं की दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन स्वतःच स्वतःचा एक्स-रे काढायचे. आमच्या ड्रॉवरमध्ये लग्नाच्या अल्बमखाली यांच्या बोटांच्या फिल्म्सचा गठ्ठा आहे. लोकांच्या घरी मुलांचे फोटो असतात तसे तारीखवार लावलेले.

आता नावाचं. मी वाढले सदाशिव पेठेत. आमच्याकडे नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण आईने कधी घेतलं नाही, मावश्यांनी घेतलं नाही, आणि माझी जीभच वळेना. जन्मात दोनदा घेतलं होतं, तेही उखाण्यात, लग्नाच्या पंगतीत आणि इथे घरात शिरताना उंबऱ्यावर. उखाणाही असला पाचकळ की चांदीची डिश आणि हरीश.

"कॉल मी हरीश," हे पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. "सगळे म्हणतात. मिल्कमनसुद्धा म्हणतो. ओन्ली माझी बायको 'अहो' म्हणते."

"नाही जमत मला."

"ट्राय तर कर."

"प्रयत्न केला. नाही जमत. आणि आई काय म्हणतील?"

सासूबाई, यमुनाबाई, आमच्याबरोबरच राहतात. त्या मामंजींचा उल्लेख कायम 'डॉक्टर' असाच करायच्या. डॉक्टरांना भरलं वांगं आवडायचं, डॉक्टर थंडीतही खिडकी उघडी ठेवायचे. त्यांच्या समोर मी 'हरीश, चहा घेतोस का' म्हटलं असतं तर कप माझ्याच हातातून पडला असता.

चौऱ्याऐंशी साली क्लबचा म्हातारा स्कोअरर लेकीकडे बॅरीला राहायला गेला. क्लबचा कॅप्टन ग्लिन, धंद्याने प्लंबर, आमच्या दारात येऊन उभा राहिला. "तुझी मिसेस मॅथ्समधली आहे ना?" त्याने यांना विचारलं, आणि मला काही विचारायच्या आतच माझ्या हातात जाड निळं स्कोअरबुक आलं. मंजिरी तेव्हा वर्षाची होती. बुधवारी संध्याकाळी घरात एकटीने चिडत बसायचं ते पार्कात जाऊन चिडूया, असं म्हणून मी हो म्हटलं.

आणि खरं सांगते, मला आवडायला लागलं. प्रत्येक चेंडूची खूण, प्रत्येक खांबाची धाव, दोन्ही बाजूंच्या बेरजा शेवटी जुळल्या की जे बरं वाटतं ते लायब्ररीच्या नोकरीत कधी वाटलं नाही. स्कोअररचं आणखी एक काम असतं. एक बॅट्समन आत गेला की पुढच्या दोघांची नावं मोठ्याने पुकारायची, कारण पोरं गवतावर लोळत गप्पा मारत असतात आणि पाळी आलेली कुणाला कळत नाही. पाळी सोडून भलताच माणूस मारायला उभा राहिला आणि समोरच्यांनी अपील केलं, तर ज्याची पाळी होती तो बाद. एकही चेंडू न खेळता.

मी सगळ्यांची नावं खणखणीत पुकारायचे. "कॉलिन! गॅरेथ!" लाजायचं काय त्यात? फक्त एका नावाला आवाज फुटायचा नाही. त्यावर आम्ही एक तोड काढली होती. हे माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसायचे, आणि यांची पाळी आली की मी पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायची. हे उठायचे, बॅट घ्यायचे, जायचे. दोन वर्षं एकदाही चूक झाली नाही. ग्लिनला वाटायचं ही काहीतरी इंडियन अंधश्रद्धा आहे. एका अर्थी होतीच.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात यांच्या हातात काय आलं होतं देव जाणे. बत्तिसावं वर्ष, बोटं सगळी धड, चेंडू हातात चिकटल्यासारखा बसायचा. वेल्सचा जुना बॅकस्टॉप गुडघ्यामुळे थांबला होता, म्हणजे जागा रिकामी. दावेदार दोघंच, एक हे आणि एक न्यूपोर्टचा. सिलेक्टर लोकांनी ग्लिनला सांगितलं होतं की मागे उभं राहण्यात दोघंही सारखेच, आता बॅटिंग कोणाची बरी ते बघायचं. जुलैतल्या बुधवारी कप सेमीफायनलला तिघं येणार होते. पहिला डाव आमच्या मैदानावर बघून, मग न्यूपोर्टला त्या दुसऱ्याची मॅच गाठणार होते.

त्या आठवड्यात यांनी घरात काही बोलणं सोडलं होतं. जेवताना डाव्या हाताने भिंतीवर अदृश्य चेंडू झेलायचे. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय आहे ते मलाही बघू दे की." पंचवीस वर्षं मुलगा खेळतोय आणि त्यांनी एकही मॅच बघितली नव्हती, मामंजींना आवडायचं नाही म्हणून. यांचा चेहरा असा उजळला की मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आई आल्या. जरीकाठाची साडी, वर कार्डिगन, मांडीवर थर्मास आणि चकल्यांचा डबा. आणि बसल्या कुठे? टेबलाशेजारच्या खुर्चीवर. यांच्या जागेवर. आईंना ऊठ कोण म्हणणार? हे हसले आणि चाळीस पावलांवर, झाडाखाली गवतावर जाऊन बोटांना टेप लावत बसले.

आमची बॅटिंग होती. पाच जण झाले. मी कॉलिनला पुकारलं, तो आत गेला. पुढची दोन नावं, हे आणि गॅरेथ. मी पेन्सिलीने टकटक केली. यांची मान खाली. पुन्हा केली, जोरात. पेन्सिलीचं टोक तुटलं. चाळीस पावलांवर पेन्सिल कुठे ऐकू जाते? आई म्हणाल्या, "काय गं, काय हवंय? चहा देऊ?" मी म्हटलं, "नको." आणि मग मी काय केलं ते मला आजही कळत नाही. मी दुसरं नाव पुकारलं. "आणि त्यानंतर गॅरेथ!" पहिलं न घेता. मनात म्हणत होते, आता बघतील, आता वर बघतील, कॉलिन अजून खेळतोच आहे, वेळ आहे.

कॉलिन दुसऱ्याच चेंडूवर झेल देऊन परतला.

मी उभी राहिले. तोंड उघडलं. शेजारी आई थर्मासचं झाकण फिरवत होत्या. ह, री आणि श, तीन अक्षरं. पार्कात त्या वेळी दीडशे माणसं असतील, त्यातल्या एकशे एकोणपन्नासांना हे नाव सहज घेता आलं असतं. माझ्या घशातून हवा आली नुसती. आणि गॅरेथ, ज्याने आपलं नाव नीट ऐकलं होतं, बॅट उचलून धावत आत गेला. चेंडू पडला, त्याने तो लांब झाडीत मारला आणि दोन खांब पळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समोरच्यांची स्कोअरर सत्तरीची बाई होती, तिने शांतपणे हात वर केला. त्यांच्या कॅप्टनने अपील केलं. अंपायर चालत चालत माझ्या टेबलाशी आला.

"कुणाची पाळी होती, लव्ह?"

तेव्हाही मला नाव घेता आलं नाही. मी बोट ठेवलं. त्याने वाकून वाचलं, "हॅरिश," म्हणाला, आणि मैदानाकडे वळून हात वर केला. बाद, शून्य. हे तोपर्यंत बॅट घेऊन अर्ध्या वाटेवर आले होते. तिथेच उभे राहिले. मग परत फिरले. सिलेक्टरांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिलं, घड्याळ बघितलं, आणि थोड्या वेळाने तिघंही न्यूपोर्टला निघून गेले. दुसऱ्या डावात यांनी अशी बॅटिंग केली की ग्लिनने डोक्याला हात लावला. पण बघायला कोण होतं? मी, दोन कुत्री आणि आई.

"छान असतो की गं खेळ," गाडीत आई म्हणाल्या. "पण हरीश पहिल्यांदा आला नि गेला, ते काही मला कळलं नाही."

"वारा होता," हे म्हणाले. "नाव ऐकू नाही आलं."

सगळ्या क्लबला यांनी हेच सांगितलं. वारा होता, सुमेधाचा आवाज पोचला नाही. मी ते ऐकून घेतलं. न्यूपोर्टच्या माणसाला कॅप मिळाली आणि पुढची सहा वर्षं त्याने ती जागा सोडली नाही. त्याचं नाव मी घेणार नाही, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

मला वाटलं होतं की हे भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. मीच स्वतःवर इतकी चिडले होते की कुणीतरी ओरडावं म्हणून कारण शोधायचे. पण हे पुढच्या बुधवारी आपले मुकाट्याने टेबलाशेजारी येऊन बसले आणि मी टकटक केली. तेही इतकं सवयीने, की मला पेन्सिल मोडून टाकावीशी वाटली.

सत्त्याऐंशीला अंगठा मोडला. अठ्ठ्याऐंशीला राखीव म्हणून निवड झाली. आम्ही पेढे वाटले, पुण्याला फोन केला. हे टीमच्या बसमधून लिव्हरपूलला गेले, दिवसभर बाकावर बसले, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि परत आले. राखीव माणसाला कॅप नसते. आल्यावर बॅग उघडून मी लाल जर्सी धुवायला काढली तर ती इस्त्रीच्या घडीतच होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एकोणनव्वदला पुन्हा राखीव. नव्वदला सिलेक्टर म्हणाले, राखीव म्हणूनही आता तरुण मुलगा हवाय. त्यानंतर दर उन्हाळ्यात 'हे शेवटचं' असं म्हणत हे खेळत राहिले, आणि बॅटिंगला एकेक नंबर खाली उतरत गेले. मंजिरी मोठी झाली, तिला हा खेळ म्हणजे बाबाचं काहीतरी लाजिरवाणं वेड वाटायला लागलं. आणि मी दर बुधवारी निळ्या पुस्तकात खुणा करत राहिले. शहाऐंशीचं पुस्तक मी क्लबला परत दिलंच नाही. ते आमच्या ड्रॉवरमध्ये आहे, एक्स-रेच्या खाली.

पंचाण्णवच्या ऑगस्टमध्ये खरोखरच शेवटची मॅच ठरली. एक्केचाळिसावं वर्ष, गुडघे बोलायला लागलेले. त्या दिवशी सकाळी मी थालीपीठ लावत होते आणि आई टेबलाशी बसून मटार सोलत होत्या.

"मीही येते आज," त्या म्हणाल्या. "मागे एकदा आले होते तेव्हा धड काही बघायला मिळालंच नाही. हरीश आला नि गेला."

नऊ वर्षांत हे वाक्य मी पन्नास वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी माझा तोल गेला.

"आले नि गेले नाहीत, आई. आलेच नव्हते. पाळी त्यांची होती आणि मी हाक मारली नाही. टकटक करत बसले. यांची कॅप माझ्यामुळे गेली. माझ्यामुळे आणि तुमच्यामुळे!"

आईंच्या हातातला मटार तसाच राहिला. "माझ्यामुळे? मी काय घोडं मारलं?"

"तुम्ही शेजारी बसला होतात. तुमच्यासमोर नाव कसं घेणार?"

"नाव? कुणाचं?"

"यांचं!"

"अगं पण माझ्यासमोर घ्यायला काय झालं?" आई खरंच गोंधळल्या होत्या. "मी तर डॉक्टरांना शशी म्हणायचे."

मी उलथनं खाली ठेवलं.

"बोटीवरून उतरलो तेव्हापासून," आई म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या सिस्टर शशी म्हणायच्या, लँडलेडी शशी म्हणायची, म्हटलं मीच का म्हणून अहो-अहो करू? बसस्टॉपवर उभी राहून ओरडायचे मी, शशी, कम क्विक, बस आली!"

"मग माझ्यासमोर कधी... तुम्ही कायम डॉक्टर म्हणता."

"तू पडलीस सदाशिव पेठेतली. तुझ्या आईने लग्नात मला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरात रीतभात पाळता ना सगळी? मी घाबरले. म्हटलं, सुनेसमोर नवऱ्याचं नाव घेतलं तर ही पुण्याला काय लिहील! म्हणून तू आल्यापासून डॉक्टर-डॉक्टर सुरू केलं. मलाही कंटाळा आला होता गं त्याचा. माझा शशी तो, मी त्याला डॉक्टर म्हणत बसलेय चौदा वर्षं."

थालीपीठ जळलं. मी ते तव्यासकट सिंकमध्ये टाकलं. मला आईंचा राग आला, माझ्या आईचा आला, पुण्याचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. चौदा वर्षं दोघी बायका एका घरात एकमेकींसाठी सोवळं पाळत होतो, आणि दोघींपैकी एकीलाही ते नको होतं. एकदा, फक्त एकदा विचारलं असतं तर!

संध्याकाळी आई पुन्हा त्याच खुर्चीवर बसल्या, मांडीवर तोच थर्मास. हे पुन्हा जाऊन गवतावर बसले. ते झाड मधल्या काळात कौन्सिलने तोडलं होतं, त्यामुळे नुसतेच उन्हात. मंजिरी माझ्या पलीकडे, कानात वॉकमन. यांचा नंबर आता दहावा होता. नववा बाद झाला तसा मंजिरीने एका कानातला प्लग काढला.

"आई, बाबाचा टर्न आला. टकटक कर ना."

मी पेन्सिल टेबलावर ठेवली. उभी राहिले.

"हरीश!"

आवाज फाटका आला, पण मोठा आला. गवतावरची पोरं वळून बघायला लागली. आईंनी थर्मास घट्ट धरला. आणि हे? हे हललेच नाहीत. ते दोन उखाणे सोडले तर माझ्या तोंडून ते नाव यांनी कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे कुणीतरी दुसरीच बाई दुसऱ्याच कुणाला बोलावतेय असं वाटलं असावं. शेवटी ग्लिनने यांच्या खांद्यावर थाप मारली. "हरीश, युअर मिसेस वॉन्ट्स यू."

हे उठले. बॅट घेतली, माझ्याकडे बघत बघत आत गेले, आणि तिसऱ्या चेंडूवर सोपा झेल देऊन बाद झाले. दोन धावा. करिअर संपलं. मी पुस्तकात खूण केली, आणि पुढचं नाव पुकारणार तेवढ्यात हे थेट टेबलाशी येऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"त्या दिवशी मी बघत होतो," हे म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"यू नो विच डे. टेप केव्हाच लावून झाली होती. मान खाली ठेवून बघत होतो. तू टकटक केलीस ते दिसलं मला. दोनदा केलीस, तुझी पेन्सिल तुटली. मग तू उभी राहिलीस. मला वाटलं, आज ही बोलावणार. आज नाही तर कधीच नाही. म्हणून मी बसून राहिलो. जस्ट अ फ्यू सेकंड्स, सुमेधा. गॅरेथ इतका फास्ट पळेल असं वाटलं नाही मला."

मला काही ऐकू येईना. नऊ वर्षं मी ती टकटक छातीवर घेऊन फिरत होते. लायब्ररीत, स्वयंपाकघरात, लिव्हरपूलहून आलेली ती घडीची जर्सी हातात घेऊन. आणि हा माणूस वारा होता, वारा होता म्हणत फिरत होता! वेल्सची कॅप सोडली. कशासाठी, तर बायकोने नावाने हाक मारावी म्हणून. आणि ते बायकोला सांगायचंही नाही!

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? की मीच सिली झालो? तू तुझी चूक समजत होतीस आणि मी... मी तसं समजू दिलं. आय वॉज अशेम्ड."

"हरीश," मी म्हणाले, "तू गाढव आहेस."

मंजिरीने दुसऱ्या कानातलाही प्लग काढला. आई म्हणाल्या, "बरोबर बोललीस," आणि चहा ओतायला लागल्या. हरीश माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि मूर्खासारखा हसतही होता.

"पुन्हा म्हण."

"गाढव?"

"नाही. त्याच्या आधीचं."

मी म्हणाले नाही. फार चिडले होते मी. कॅप मिळायची वेळ निघून गेली होती आणि ती काही आता कुणी आणून देणार नव्हतं. तिकडे मैदानातून अंपायर ओरडत होता, पुढचा कोण, पुढचा कोण आहे. मी पुस्तकात बघितलं आणि गॅरेथचं नाव पुकारलं.